८०० वर्षांपूर्वीचा गेम रायटर

'रून'पासून 'गॉड ऑफ वॉर'पर्यंत सगळीकडे भेटणारे ओडिन, थॉर आणि लोकी आपल्यापर्यंत पोचले कसे? आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनची ही गोष्ट.

जुलै महिना. पौडच्या पुढे दहा फुटांवरचं दिसत नाही इतका पाऊस. ताम्हिणीचा प्लॅन कधीच फिसकटलाय, लाइट येतेय-जातेय आणि हॉस्टेलच्या वायफायने मान टाकलीय. अशा वेळी रूमवर कुणीतरी जुना लॅपटॉप काढतं आणि दादाच्या हार्डडिस्कवर सापडलेला एखादा जुनापाना गेम सुरू करतं. समजा, तो 'रून' निघाला.

'रून' २००० सालचा, अमेरिकेतल्या ह्यूमन हेड स्टुडिओजने बनवलेला. आजच्या मानाने ग्राफिक्स ठोकळेबाज. पण एकदा हातात कुऱ्हाड आली की तुम्ही उठत नाही. तब्येत सावरायला सरडे खायचे, शत्रूचा तुटलेला हात उचलून त्यानेच दुसऱ्याला बडवायचं, असला सगळा कारभार. हिरो आहे रॅग्नर नावाचा तरुण योद्धा. लोकी हा कपटी देव बंदिवासात आहे. ओडिनच्या मंतरलेल्या शिळांनी त्याला जखडून ठेवलंय. त्या शिळा फोडत सुटलेल्या माणसाला तुम्ही थांबवायचं. नाहीतर लोकी सुटणार आणि रॅग्नरॉक, म्हणजे देवांसकट सगळ्या जगाचा शेवट, सुरू होणार.

आता मागे जा. १९९१ चा 'हाइमडॉल' घ्या. पुढे 'टूम्ब रेडर' आणणाऱ्या कोअर डिझाइनचाच हा गेम. त्यातही लोकीने देवांची शस्त्रं पळवलीत आणि ती शोधून आणायची आहेत. किंवा पुढे या. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये बाल्डर कशानेच मरत नाही. त्याचा कवच तोडते ती मिसलटोची काडी. मिसलटो म्हणजे आपल्याकडच्या आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचा लांबचा भाऊबंद.

गेम वेगळे, कंपन्या वेगळ्या, साल वेगळी. तरी स्टोरी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात ना? कारण या सगळ्यांचा कच्चा माल फार मोठ्या प्रमाणात एकाच माणसाच्या पुस्तकातून येतो. त्याचं नाव क्रेडिट्समध्ये सहसा दिसत नाही. तो १२४१ मध्ये मेला, स्वतःच्या घराच्या तळघरात, रात्रीच्या अंधारात. त्याला मारायला आलेल्यांचा म्होरक्या त्याचा एकेकाळचा जावई होता.

ओडिनचा एक डोळा

स्नोरीचा जन्म ११७९ च्या सुमाराचा, आइसलंडच्या पश्चिमेला ह्वाम नावाच्या ठिकाणी. वडील स्टुर्ला म्हणजे एक नंबरचे भांडकुदळ सरदार. वारशाच्या एका दाव्यात ते पॉल नावाच्या धर्मगुरूच्या विरोधात उभे राहिले. बोलणी चालू असतानाच पॉलच्या बायकोचा, थोरब्योर्गचा, संयम सुटला. ती सुरी घेऊन थेट स्टुर्लाच्या डोळ्यावर धावली. का डोळ्यावरच? तर ओडिन हा देव एकाक्ष. शहाणपण मिळवण्यासाठी त्याने एक डोळा दिला होता. तू स्वतःला ओडिन समजतोस, तर घे, तुला त्याच्यासारखाच करते, असा तिचा टोमणा होता. वार चुकला आणि गालावर बसला.

स्टुर्लाने या जखमेची भरपाई इतकी मागितली, की पॉल भिकेला लागला असता. शेवटी मध्यस्थी केली ती देशातल्या सगळ्यात वजनदार माणसाने, योन लोफ्ट्सनने. त्याची आई नॉर्वेच्या राजाची मुलगी. योनने रक्कम खाली आणली आणि स्टुर्लाची समजूत काढायला एक मान देऊ केला: तुमचा धाकटा मुलगा माझ्या घरी वाढवतो. अशा रीतीने तीन वर्षांचा स्नोरी घर सोडून ओड्डीला गेला.

या भांडणात एक गंमत आहे, ती सोडू नका. आइसलंडने साधारण इ.स. १००० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे हे भांडण झालं तेव्हा ओडिनची पूजा बंद होऊन पावणेदोनशे वर्षं उलटली होती. देव गेला होता, पण टोमणा मारायला त्याचं नाव अजून कामी येत होतं. स्नोरीचं पुढचं सगळं लिखाण याच फटीतून आलेलं आहे.

ओड्डी हे त्या काळचं शिक्षणाचं मोठं केंद्र. तिथे कायदा होता, इतिहास होता, जुन्या कविता होत्या. वडील वारले तेव्हा स्नोरी चारेक वर्षांचा होता. त्याच्या वाट्याची मालमत्ता आईने खर्च करून टाकली. योन लोफ्ट्सन ११९७ मध्ये गेला, तेव्हा अठरा वर्षांच्या स्नोरीकडे मोठं घराणं होतं, उत्तम शिक्षण होतं आणि खिसा रिकामा होता.

तिकडचा 'मुळशी पॅटर्न'

आता जरा आइसलंड कसं होतं ते बघू. राजा नाही. सैन्य नाही. पोलीस नाहीत. होते ते सरदार, त्यांच्यामागची माणसं आणि कायदा. दर उन्हाळ्यात थिंगवेलिरच्या मोकळ्या पठारावर सगळा देश जमायचा. ही सभा म्हणजे आल्थिंग, ९३० सालापासून चालत आलेली. तिथे दावे चालायचे, निकाल लागायचे. पण निकाल अमलात कोण आणणार? ज्याच्या मागे जास्त माणसं, तो.

१२०० नंतर हे गणित बिघडत गेलं. थोड्या घराण्यांनी जमिनी आणि सरदारक्या गिळायला सुरुवात केली. सोयरीक जुळवायची ती जमिनीसाठी, मोडायची तीही जमिनीसाठी. भाऊ भावावर, पुतण्या चुलत्यावर. माणसं गोळा करायची, दुसऱ्याच्या वाडीवर चालून जायचं, आग लावायची. २०१८ चा 'मुळशी पॅटर्न' तुम्ही पाहिलाच असेल. जमीन, पैसा, पोरांच्या टोळ्या आणि त्यातून निघालेलं रक्त, हे गणित तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. या अख्ख्या कालखंडाला आइसलंडच्या इतिहासात स्नोरीच्याच घराण्याचं नाव आहे: स्टुर्लुंग युग.

आणि आपला लेखक या खेळात बाजूला बसून बघत नव्हता, बरं का. तो चांगला मुरलेला खेळाडू होता. ११९९ मध्ये त्याने एका गडगंज श्रीमंताच्या मुलीशी, हेर्डिसशी, लग्न केलं. सासरे वारल्यावर बोर्गची इस्टेट आणि सरदारकी त्याच्याकडे आली. मग काही वर्षांत तो बायकोला तिथेच ठेवून एकटा रेकहोल्टला राहायला गेला. पुढे त्याला वेगवेगळ्या बायकांपासून मुलं झाली. मुलींची लग्नं त्याने ताकदवान सरदारांशी लावली, म्हणजे प्रत्येक लग्न हा एक तह होता. त्यातली बहुतेक मोडली आणि प्रत्येक मोडलेल्या लग्नाबरोबर एक शत्रू वाढला.

रेकहोल्टला त्याने घराभोवती तटबंदी उभारली. जमिनीतून येणाऱ्या उकळत्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने आणून गोल हौदात सोडलेलं होतं. घरातून हौदाकडे जायला भुयारी वाट होती. बाहेर बर्फ आणि आत गरम पाण्यात बसलेला सरदार, असं ते ऐश्वर्य. चारेक मीटर रुंदीचा हा हौद आजही तिथे आहे आणि त्याला स्नोरीचंच नाव आहे.

१२१५ मध्ये तो आल्थिंगचा कायदेवक्ता झाला. सगळ्या देशासमोर उभं राहून कायदा म्हणून दाखवायचा, हे या पदाचं काम. राजा नसलेल्या देशातलं हे सगळ्यात मानाचं पद. ते त्याला दोनदा मिळालं: १२१५ ते १२१८ आणि पुन्हा १२२२ ते १२३१.

राजाला दिलेला शब्द

मधली चार वर्षं कुठे गेली? १२१८ मध्ये स्नोरी जहाजात बसून नॉर्वेला गेला. तिथे गादीवर होता चौदा वर्षांचा हाकोन आणि कारभार बघत होता सरदार स्कुली. त्या वेळी आइसलंडवर हल्ला करायची चर्चा तिथे चालू होती, कारण व्यापाऱ्यांवरून दोन्हीकडच्यांचं बिनसलं होतं. स्नोरीने त्यांना थोपवलं. कसं? लढाईची गरज काय, मीच माझ्या लोकांना तुमच्या छत्राखाली आणतो, असा शब्द देऊन. बदल्यात त्याला दरबारी पदवी, जहाज आणि भरपूर भेटवस्तू मिळाल्या.

१२२० मध्ये तो घरी परतला आणि दिलेल्या शब्दाबाबत त्याने जवळजवळ काहीच केलं नाही. आता याला देशप्रेम म्हणायचं की फसवणूक, हे तुम्ही ठरवा. हल्ला टळला हे खरं. पण घरी लोकांना वाटलं, हा राजाचा माणूस. आणि राजाला वाटलं, याने आपल्याला गंडवलं. ही उधारी एकवीस वर्षांनी वसूल झाली.

नीलकंठ म्हणजे कोण?

नॉर्वेहून आल्यावर स्नोरीने जे लिहिलं, त्यासाठी आज आपण त्याच्याबद्दल वाचतोय. राजा आणि स्कुली यांच्या स्तुतीसाठी त्याने शंभरेक कडव्यांची एक लांबलचक कविता रचली. प्रत्येक वृत्ताचा नमुना दाखवणारी. पण ती दरबारात कळणार कुणाला? नव्या पिढीला जुन्या कवितेची भाषाच कळेनाशी झाली होती. हाकोनच्या दरबारात आता फ्रेंच प्रेमकथांची हवा होती. १२२६ मध्ये त्याने ट्रिस्टन आणि इसोल्डची कथा नॉर्वेच्या भाषेत करून घेतली. जुन्या पद्धतीचे कवी आउटडेटेड ठरत होते.

अडचण काय होती, ते आपल्या उदाहरणाने बघा. तुम्ही नीलकंठ हा शब्द ऐकला की तुम्हाला शंकर दिसतो, कारण समुद्रमंथन आणि हलाहलाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. गिरिधर म्हटलं की कृष्ण, कारण गोवर्धनाची गोष्ट ठाऊक आहे. समजा, उद्या या गोष्टी सगळे विसरले. मग नीलकंठ म्हणजे निळ्या गळ्याचा कुणीतरी माणूस आणि गिरिधर म्हणजे डोंगर उचलणारा हमाल. शब्द शिल्लक, अर्थ गायब. मग अभंग आणि आरत्यांचं काय होईल, विचार करा.

नॉर्स कविता तर अशा शब्दांनी खचाखच भरलेली होती. तिथे सोनं म्हणायचं नाही, सिफचे केस म्हणायचं. कविता म्हणायचं नाही, क्वासिरचं रक्त म्हणायचं. जहाज म्हणजे समुद्राचा घोडा. घोडा तरी कळतो, पण सिफ कोण? ती थॉरची बायको. लोकीने खोडी म्हणून तिचे केस कापले आणि थॉरने हाडं मोडायची धमकी दिल्यावर खुज्या कारागिरांकडून खऱ्या सोन्याचे केस घडवून आणले. ही गोष्ट माहीत नसेल तर ओळ संपली.

म्हणून स्नोरीने पुस्तक लिहिलं: 'एड्डा'. साल साधारण १२२० नंतरचं. धर्मग्रंथ वगैरे काही नाही. साध्या भाषेत सांगायचं तर कवी व्हायला निघालेल्या पोरांसाठी लिहिलेलं गाईड. पहिल्या भागात जग कसं झालं, देव कोण, राक्षस कोण आणि सगळं संपणार कसं. दुसऱ्या भागात कोणत्या गोष्टीला कवी काय म्हणतात आणि का. शेवटी ती नमुन्याची कविता, टीपांसह. मध्येमध्ये त्याने जुन्या कवींच्या कडव्यांचे दाखले दिले. त्यातली कितीतरी कडवी आज फक्त त्याच्या पुस्तकामुळे उरली आहेत.

साधारण याच काळात आपल्याकडे देवगिरीला सिंघण यादवाची सत्ता होती आणि त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. एक जण रागांची आणि तालांची मांडणी करत होता, दुसरा हजारो मैलांवर बर्फात बसून देवांच्या गोष्टींची. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण कानातून कानात चाललेली विद्या कागदावर, म्हणजे तिकडे वासराच्या कातड्यावर, उतरवायचं काम दोघंही करत होते.

न मानणारा कथेकरी

आता खरा प्रश्न. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता. ओडिन, थॉर यांना तो देव मानत नव्हता. मग त्याने त्यांच्या गोष्टी इतक्या रंगवून का सांगितल्या? आणि चर्चच्या काळात त्याला ते जमलं कसं?

त्याने युक्ती केली. प्रस्तावनेत सांगून टाकलं, की हे देव नव्हतेच. ट्रॉयहून, आशियातून आलेले ते राजे होते आणि भोळ्या लोकांनी त्यांना देव केलं. मग गोष्टींची गुंफण अशी केली: गिल्फी नावाचा राजा वेश बदलून एका मोठ्या दालनात जातो. तिथे एकावर एक अशा तीन आसनांवर तिघे बसलेत. तो विचारत जातो, ते सांगत जातात. शेवटी मोठा आवाज होतो आणि दालनच नाहीसं होतं. गिल्फी मोकळ्या माळावर एकटा उभा. म्हणजे हे सगळं खरं होतं की भास, हे लेखकाने सांगितलंच नाही. हात झटकले आणि गोष्टही सांगून घेतली.

आणि काय सांगितल्यात! फेनरिर लांडग्याला बांधायला साखळदंड टिकेनात, तेव्हा एक रेशमासारखा दोर वळला गेला. त्याचं साहित्य: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. म्हणूनच मांजर चालताना आवाज येत नाही, असं स्पष्टीकरणही सोबत. थॉरचा हातोडा घडताना लोकी माशी होऊन कारागिराच्या पापणीला डसला, म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला. लोकीला खडकाला बांधून वर विषारी साप टांगलाय. त्याची बायको थेंब भांड्यात झेलते. भांडं रिकामं करायला गेली की विष अंगावर पडतं आणि लोकीच्या धडपडीने धरणीकंप होतो. 'रून'मधला बंदिवान लोकी आठवला?

थॉरची राक्षसांच्या वाड्यातली गोष्ट तर हमखास वाचा. तो एक शिंग भरून पेय पिऊ शकत नाही, एक मांजर उचलू शकत नाही, एका म्हातारीला कुस्तीत पाडू शकत नाही. फजिती! मग कळतं, शिंगाचं टोक समुद्रात होतं, मांजर म्हणजे पृथ्वीला वेढणारा महासर्प होता आणि ती म्हातारी म्हणजे म्हातारपण. तिला कोण पाडणार? तीन लेव्हल, तीन बॉस आणि शेवटी ट्विस्ट. गेमवाल्यांना आणखी काय लागतं?

स्नोरीशिवायही एक आधार आहे, जुन्या देवकवितांचं १२७० च्या सुमाराचं हस्तलिखित. पण त्या कविता बऱ्याचदा कोड्यात बोलतात. कोणाचं काय झालं, कशामुळे झालं, हे ओळीने सांगणारा माणूस म्हणजे स्नोरी. नॉर्वेच्या राजांचा मोठा इतिहास, 'हाइम्सक्रिंगला', तोही त्याच्याच नावावर आहे.

न वाचता आलेलं पत्र

पुस्तकं लिहून झाली, पण जमिनीचा खेळ चालूच होता. १२३० नंतर स्नोरीच्या विरोधात उभा राहिला त्याचा सख्खा पुतण्या, स्टुर्ला सिग्वात्सन. राजा हाकोनने आता त्याच्यावर पैसे लावले होते. १२३६ मध्ये पुतण्याने चुलत्याला रेकहोल्टमधून हुसकावलं. स्नोरी पुन्हा नॉर्वेला गेला. तिकडे असतानाच, १२३८ च्या ऑगस्टमध्ये, बातमी आली: मोठ्या लढाईत पुतण्या आणि भाऊ दोघंही मारले गेले. मारणाऱ्यांत गिसूर नावाचा सरदार होता, स्नोरीच्या मुलीचा आधीचा नवरा.

स्नोरीला घरी जायचं होतं. राजाने मनाई केली. सरदार स्कुलीने मदत केली आणि १२३९ मध्ये स्नोरी राजाज्ञा मोडून निघाला. त्याच वर्षी स्कुलीने राजाविरुद्ध बंड केलं आणि पुढच्या वर्षी तो मारला गेला. आता हाकोनच्या लेखी स्नोरी म्हणजे गद्दार. गिसूरला हुकूम गेला: त्याला परत पाठव, नाहीतर संपव.

१२४१ च्या जुलैमध्ये स्नोरीची जोडीदार हाल्वेग वारली. तिच्या आधीच्या लग्नाच्या मुलांनी लगेच इस्टेटीतला हिस्सा मागितला. स्नोरी अडून बसला, मुलं गिसूरकडे गेली. शत्रूंची बेरीज पूर्ण झाली.

उन्हाळा सरताना स्नोरीला एक पत्र आलं. ते गूढ वळणाच्या रूनलिपीत लिहिलेलं होतं. त्याला आणि त्याच्या माणसांना ते नीट लावताच आलं नाही. काहीतरी धोका आहे एवढंच वाटलं. जुन्या विद्येचा देशातला सगळ्यात मोठा जाणकार आणि त्याचा जीव वाचवू शकणारी चार ओळींची चिठ्ठी त्याला वाचता आली नाही. हा प्रसंग कुठल्या गेम डिझायनरने रचला असता, तर आपण फिल्मी म्हटलं असतं.

२२ सप्टेंबरच्या रात्री गिसूर माणसं घेऊन रेकहोल्टला आला. स्नोरी झोपला होता. झोपेतून उठून तो छोट्या घरांच्या आडोशाने पळाला, एका धर्मगुरूला भेटला आणि तळघरात लपला. पाच जण खाली उतरले. बासष्ट वर्षांच्या, नि:शस्त्र माणसावर त्यांनी वार केले. लढाई नाही, युद्धघोष नाही. त्याच्या पुस्तकातले योद्धे लढता लढता पडतात आणि ओडिनच्या वाल्हालात जातात. तो स्वतः धान्याच्या घरातल्या उंदरासारखा मेला.

या शेवटाची हकिकत आपल्याला कळते ती त्याच्या दुसऱ्या एका पुतण्यामुळे. स्टुर्ला थोर्डार्सनने त्या काळाचा इतिहास लिहून ठेवला. म्हणजे ज्या भावकीने त्याला संपवलं, त्याच भावकीने त्याची नोंदही ठेवली.

१२६२ ते १२६४ या काळात आइसलंड नॉर्वेच्या राजाखाली गेलं. स्नोरीने जे सगळं आयुष्यभर जमवलं, त्या जमिनी, सरदारक्या, जावई, यातलं काहीच टिकलं नाही. टिकलं ते गाईड. लोकांनी त्याच्या नकला केल्या. १३०० नंतरच्या एका हस्तलिखितात हे पुस्तक स्नोरीने रचलं असं नावानिशी लिहिलेलं आहे. तिथून ते विद्वानांकडे गेलं, मग ऑपेरात, कादंबऱ्यांत, कॉमिक्समध्ये आणि अखेर तुमच्या रूमवरच्या लॅपटॉपमध्ये.

आणि आपलं काय?

स्नोरी हा काही संत नव्हता. हावरट होता, शब्द न पाळणारा होता, घरच्यांशीही भांडला. त्याने ज्या देवांच्या गोष्टी वाचवल्या, त्यांच्यावर त्याचा विश्वासही नव्हता. त्याने एवढंच केलं, की गोष्टी जाणणारी माणसं जिवंत होती तोवर लिहून काढलं. आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या, तर सिफचे केस हे नुसते केस राहिले असते.

आता मुळशीकडे बघा. पुराणातल्या गोष्टींची आपल्याला तशी काळजी नाही. त्या पोथ्यांत आहेत, टीव्हीवर आहेत आणि आता गेममध्येही आल्यात. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेम आणला. दुर्गेच्या आणि विष्णूच्या कृपेने असुरांशी लढणारी मुलगी आपल्या भावाला शोधत निघते, अशी त्याची गोष्ट. पण पोथीत कधीच न आलेली एक गोष्ट या खोऱ्यात पहाटे गायली जायची: जात्यावरच्या ओव्या. सीता, सासर, माहेर, भाऊ, पाऊस, कष्ट, सगळं त्यात. दळता दळता सुचलेलं, आईकडून मुलीकडे गेलेलं. मग गावात पिठाची गिरणी आली. बायांचे हात सुटले, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं आणि ओवीला जागाच उरली नाही. हाकोनच्या दरबारात जुन्या कवितेचं झालं, तेच.

इथेही वेळेवर कुणीतरी वही काढली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, मुळशीत, बायांबरोबर बसून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. काम वाढत महाराष्ट्रभर गेलं. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. काही हजार ओव्या तर त्या बायांच्याच आवाजात रेकॉर्ड झाल्या. आज हा खजिना 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात कुणालाही ऐकता येतो. आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गावाचं असतं, तालुक्याचं असतं. स्नोरीने दरबारी कवींची नावं जपली. इथे कधी शाळेतही न गेलेल्या बायांची नावं जपली गेली.

ते दोघंही आता नाहीत. ओव्या येणाऱ्या आज्याही कमी होत चालल्यात. तुमच्या घरी, गावाकडे, अंगणात एखादं जातं पडलेलं असेल, कदाचित तुळशीपाशी नुसतंच मांडलेलं. ते चालवायचं कुणाला येतं, चालवताना काय म्हणायचे, हे या सुट्टीत विचारून बघा. फोनमध्ये रेकॉर्डर असतो. त्यासाठी वासरू मारावं लागत नाही, की राजाची मर्जी सांभाळावी लागत नाही. मोठं काम करतोय असंही वाटून घ्यायची गरज नाही. रेकहोल्टच्या त्या सरदारालाही बहुधा एवढंच वाटत होतं, की पोरांना कविता कळत नाही, जरा समजावून सांगू.